फॉर्म बी: जानेवारी-जुलैच्या कागदाची कुळकथा

वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सोसायटीच्या कार्यालयात एक कागद तयार व्हावा लागतो. सगळे त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा तपासली, ती चालू स्थितीत आहे, असं परवानाधारक एजन्सीनं त्यावर लिहून द्यायचं आणि तो अग्निशमन दलाकडे जमा करायचा. बहुतेक सभासदांनी तो कधी पाहिलेला नसतो. मेंटेनन्सच्या बिलात त्याचा खर्च कुठेतरी मुरलेला असतो, एवढाच काय तो संबंध. पण शहरातल्या आगीची जबाबदारी कुणाची, या प्रश्नाला मुंबईनं दोनशे वर्षांत वेगवेगळी उत्तरं दिली आणि सध्याचं उत्तर याच कागदावर आहे.

पहिलं उत्तर तोफांनी दिलं. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटातल्या बाजारात आग लागली. तेव्हाची मुंबई बरीचशी तटबंदीच्या आतच कोंबलेली होती. गल्ल्या अरुंद, घरांत लाकूड भरपूर आणि भिंतीला भिंत लागलेली. आग आवरेना, तेव्हा तिच्या वाटेतली घरं तोफा डागून पाडण्यात आली. गव्हर्नर होते जोनाथन डंकन. रहिवाशानं आधी काय करायला हवं होतं, याचा विचार कुणाच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं. आग म्हणजे सरकारनं मोडून काढायचं बंड आणि तुमचं घर त्यात गेलं तर गेलं. त्यानंतर कोटातली दाटी कमी करण्याच्या आणि तटाभोवती मोकळं मैदान राखण्याच्या हालचाली झाल्या. घरं गमावलेली माणसं बाहेर वसू लागली आणि मांडवी, भुलेश्वर, काळबादेवीच्या बाजूला नवी वस्ती वाढली. यातलं काळबादेवी हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

एकोणिसाव्या शतकात उत्तर बदललं. आधी पोलिसांच्या हाताखाली असलेलं बंबाचं काम १८८७ मध्ये पालिकेकडे आलं. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात तर अग्निशमन दल राखणं आणि आगीत लोकांचे जीव नि मालमत्ता वाचवणं हे पालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांत लिहिलं गेलं. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. पाणी, गटारं, दिवे यांच्याइतकाच आगीपासूनचा बचाव हा करदात्याचा हक्क ठरला. वर्दी द्यायची, बंब येणार. ही सवय आपल्या हाडीमाशी इतकी खिळली की आजही आगीचं नाव काढलं की आपल्याला १०१ आठवतो, जिन्यातल्या सायकली आठवत नाहीत.

या उत्तराची मर्यादा १४ एप्रिल १९४४ ला दिसली. फोर्ट स्टिकिन हे जहाज कराचीहून येऊन व्हिक्टोरिया गोदीत लागलं होतं. पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा, शिवाय कापसाच्या हजारो गासड्या, तेल आणि लाकूड. दोन नंबरच्या फाळक्यात खाली कापूस होता आणि वरच्या मजल्यावर स्फोटकं. स्फोटकं असलेल्या जहाजावर लाल निशाण असायचं, ते लावलेलं नव्हतं. दुपारी कापसातून धूर निघाला. पहिली वर्दी नेहमीसारखी समजली गेली आणि सुरुवातीला दोनच बंब निघाले. आत काय आहे हे कळल्यावर मोठी कुमक आली, दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्ज स्वतः आले. धक्क्यावर अधिकारी भरपूर जमले. जहाज तिथंच बुडवावं असं एकाचं मत, दुसऱ्याचं वेगळं. मात्र ज्याचा हुकूम सगळ्यांना मानावाच लागेल असा एकही माणूस त्या धक्क्यावर नव्हता. कापूस धुमसत राहिला, जवान फाळक्यात पाणी ओतत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासानं दुसरा, त्याहून मोठा.

दलाचे ६६ जण गेले. शहरातल्या एकूण मृतांचे आकडे वेगवेगळे सांगितले जातात, पण अगदी कमीत कमी धरला तरी तो आठशेच्या आसपास जातो. त्या जवानांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन आणि २० तारखेपर्यंत सप्ताह पाळतात. त्या आठवड्यात शौर्याबद्दल बोललं जातं आणि ते बोललंच पाहिजे. पण या आगीचं मूळ माल रचताना झालेल्या निर्णयात होतं आणि बंबवाला तिथे पोचला तेव्हा त्या निर्णयाला कित्येक दिवस उलटून गेले होते. शूर माणसं आणि भरपूर पाणी असलं तरी आग लागण्याआधीची चूक त्यांना पुसता येत नाही, हे ६६ जिवांच्या मोलानं कळलं.

कायद्यात ते उमटायला मात्र फार वेळ लागला. १९७० मध्ये राष्ट्रीय इमारत संहिता आली, तिचा चौथा भाग आगीसाठी राखलेला. जिना किती रुंद, बाहेर पडायचं दार कुठल्या बाजूला उघडावं, पाणी किती साठवावं, हे तिथे लिहिलं गेलं. २४ मीटरहून उंच इमारतीत आसऱ्याची मोकळी जागा ठेवण्याची कल्पनाही याच संहितेत आहे, ज्याला आपण रेफ्यूज एरिया म्हणतो आणि कुंड्या, जुने सोफे ठेवायला वापरतो. परंतु संहिता झाली बांधणाऱ्यासाठी. इमारत उभी राहिली, ताबे दिले गेले, त्यानंतरच्या पन्नास वर्षांचं काय?

त्याचं उत्तर महाराष्ट्रानं ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ या कायद्यात दिलं. नाव लांबलचक आहे, पण तिसरं कलम प्रत्येक रहिवाशानं वाचावं असं आहे. यंत्रणा बसवायची आणि ती सदैव चालू ठेवायची, ही जबाबदारी त्यात मालकावर नाहीतर भोगवटादारावर टाकली आहे. भोगवटादारात भाडेकरूही येतो. यंत्रणेत छेडछाड करायची नाही, हेही तिथेच लिहिलं आहे. आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत नि जुलैत, ती ठीक असल्याचा परवानाधारक एजन्सीचा दाखला द्यायचा. फॉर्म बीचा जन्म इथला. बसवल्याचा दाखला तो फॉर्म ए आणि पुढे जन्मभर द्यायचा तो बी. कायदा मोडल्यास पाणी-वीज तोडण्यापासून तुरुंगवासापर्यंत तरतूद आहे. आग विझवायला यायचं ते दलानंच, पण ती विझवण्याजोगी राहील याची जबाबदारी आता घरात राहणाऱ्यावर आली.

हा कागद खरा आहे की नाही, हे ताडायला इंजिनिअर असावं लागत नाही. पंपरूममध्ये जा. तिथल्या पॅनेलवर एक फिरवायचं बटण असतं, एका बाजूला ‘ऑटो’, दुसऱ्या बाजूला ‘मॅन्युअल’. ते ऑटोवरच हवं. मग कुणीतरी गच्चीवर जाऊन हायड्रंटचा व्हॉल्व्ह उघडायचा. पाइपातला दाब उतरला की खाली आधी छोटा जॉकी पंप आपोआप सुरू होतो. दाब उतरतच राहिला की मुख्य पंप धडधडू लागतो आणि गच्चीवरच्या तोंडातून पाणी जोरात फेकलं जातं. मुख्य पंप बंद करायचा तो हातानंच, कारण आग विझली की नाही हे पंपाला कळत नाही. एवढं झालं तर सहीला अर्थ आहे. पुष्कळ ठिकाणी बटण मॅन्युअलवर असतं, कारण रात्री पंप वाजतो म्हणून कुणीतरी तक्रार केलेली असते. आग लागल्यावर पंपरूमची किल्ली शोधत धावणारा वॉचमन, हीच मग त्या इमारतीची यंत्रणा.

ज्या इमारतींत पंप, पाइप, टाकी असं काहीच नाही, तिथे हा कागद काय तपासणार, हा प्रश्न उरतोच. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतल्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली आणि विझवता विझवता ती कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी तिथेच गेले. भाजलेले सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर त्याच महिन्यात इस्पितळात गेले. कोटातल्या आगीतून निसटलेल्यांनी जो भाग वाढवला, तो दोनशे वर्षांत कोटाइतकाच दाट झाला होता. अशा गल्ल्यांसाठी नेमकं काय करायचं, याचं पुरेसं उत्तर अजून कुठल्याच कलमात नाही आणि मला ती या कायद्याची सर्वांत मोठी उणीव वाटते.

कमला मिलच्या गच्चीवरच्या उपाहारगृहांत २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १४ जण गेले. तिथे गच्चीच्या वापराचाही प्रश्न होता. त्या आगीनंतर लोक हॉटेलात शिरताना बाहेर पडायचं दार शोधू लागले, असं काही दिवस दिसलं. घरी परतल्यावर आपल्या जिन्यातलं दार कुणी पाहिलं का, कुणास ठाऊक. अग्निरोधक दार आपोआप मिटलं पाहिजे, तरच धूर जिन्यात शिरत नाही. वारा यावा म्हणून त्याला वीट लावून ठेवली की तो जिना धुराचं धुराडं होतो आणि वरच्या मजल्यांवरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची एकुलती वाट बंद होते.

म्हणून माझं सोसायट्यांना सांगणं आहे की जुलैची तपासणी एजन्सी आणि सेक्रेटरी यांच्यातच उरकू नका. त्या दिवशी एक सभासद पंपरूममध्ये आणि एक गच्चीवर उभा करा. पंप सुरू व्हायला किती वेळ लागला, गच्चीवर पाणी आलं का, हे दोघांनी लिहून सही करावी. मग तो कागद फॉर्म बीच्या प्रतीशेजारी नोटीस बोर्डावर लावा, लिफ्टची वाट पाहणाऱ्या प्रत्येकाला वाचता येईल अशा उंचीवर.