अंगणवाडीतली फिरती वही

अंगणवाडी हा शब्द आता सरकारी वाटतो. तो रुळवला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, बोर्डीला आणि नंतर कोसबाडला. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, इतका सरळ विचार. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा गावोगावच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. मेळघाटातले धारणी त्या पहिल्या ३३ मध्ये होते.

आपल्या तालुक्यात योजना आली तेव्हा १९८६ साली बारावी झालेल्या आपल्या वर्गातल्या तिघी सेविका म्हणून लागल्या. त्यांतली एक मी. योजनेत सेवा सहा, पण लोकांच्या लक्षात राहतो तो खाऊ. आमचा कस लागला तो पोषण-शिक्षणात. अठरा-एकोणीस वर्षांच्या अविवाहित मुलींनी चार लेकरांच्या आईला बाळाच्या पेजेबद्दल सांगायचे, म्हणजे काय ते समजून घ्या!

दोन वर्षांनी मी गृहविज्ञानाच्या पदवीला गेले, दुसरी नर्सिंगला. तिसरी गावातच सेविका राहिली. पत्रांऐवजी आमची एक दोनशे पानी वही टपालाने फिरू लागली. मी डॉ. गोपालन यांच्या पुस्तकातले आकडे उतरवायची : १०० ग्रॅम नाचणीत ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम, गाईच्या दुधात १२०. त्याखाली गावातून उत्तर यायचे, “भाकरी पोरं खात नाहीत. मोड आणून, वाळवून, दळून दिली की खातात. आणि तुझे १०० ग्रॅम म्हणजे किती मुठी?” मोड आलेल्या धान्याची पेज पातळ राहते, म्हणून तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावते, हे मला अभ्यासात नंतर भेटले. रुग्णालयात आहारतज्ज्ञ झाल्यावर मी पथ्याचे कागद वाटी-मुठीत लिहू लागले. ती सवय तिची. नर्स मैत्रीण सुजलेले पाय कसे दाबून पाहायचे ते चित्रे काढून दाखवायची. आता वहीची जागा फोनने घेतली आहे, पण फोनवर समासात भांडता येत नाही.

तिघींत सर्वांत जास्त मुलांना जेवू घातले तिने, आणि पगार नाही तो तिलाच. मिळते ते मानधन. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या सेविकांच्या प्रकरणात निकाल दिला, की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो. त्या दिवशी आमच्या फोनवर दुसरा विषय नव्हता.

तिचे नियुक्तिपत्र माहेरच्या नावाचे आहे, बँकेचे खाते सासरच्या. आपल्या वर्गात दोन वकील आहेत आणि एक जण जिल्हा परिषदेतून निवृत्त झाला आहे. मेळाव्यात जेवणे झाली की त्यांनी थोडा वेळ तिच्याजवळ बसावे. कागद ती घेऊन येणार आहे.