रविवारी चर्च, सोमवारी डुकरं: एकाच गाडीत घर आणि धंदा बसवण्याचा इतिहास

आजचा भाग गाड्यांचा आहे. गाडी घ्यायचा विचार नसला तरी ऐका, कारण गोष्ट खरं तर घराची आणि धंद्याची आहे. एकाच गाडीने आठवडाभर ओझं ओढायचं आणि रविवारी पोराबाळांना घेऊन फिरायलाही जायचं, हे कसं जमवायचं? हा प्रश्न आजचा वाटतो, पण तो नव्वद वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या बायकोने विचारला होता. तोही थेट फोर्ड कंपनीला.

चला ऑस्ट्रेलियात. काळ 1930 च्या दशकाच्या सुरुवातीचा. जागतिक मंदीने शेतकऱ्याचं कंबरडं मोडलेलं. व्हिक्टोरिया राज्यातल्या गिप्सलँड भागातल्या एका शेतकरीणबाईंनी फोर्डला पत्र लिहिलं, अशी ही गोष्ट तिकडे सांगतात. मागणी साधी होती. आम्हाला दोन गाड्या परवडत नाहीत. रविवारी चर्चला जाताना कपडे भिजणार नाहीत आणि सोमवारी त्याच गाडीतून डुकरं बाजारात नेता येतील, अशी एक गाडी बनवा.

आता कुणी म्हणेल, पिकअप तर तेव्हाही होत्या की! होत्या. अमेरिकेत फोर्डने 1925 सालीच मॉडेल टी गाडीला मागे छोटा हौदा लावून ती कारखान्यातूनच विकायला काढली होती. किंमत 281 डॉलर. त्याआधी लोक नुसती चेसी घ्यायचे आणि गावातल्या सुताराकडून मागचा भाग बनवून घ्यायचे. पण अशा बऱ्याच गाड्यांवर कापडी छत असायचं आणि बाजूला धड काचा नसायच्या. पावसात आणि धुळीत बसणाऱ्याचे हाल व्हायचे. माल नीट जायचा, माणूस नाही. बाईंची तक्रार नेमकी इथे होती.

हे काम आलं गिलाँगच्या कारखान्यातल्या लू बँड्ट नावाच्या विशीतल्या डिझायनरकडे. त्याने केलं काय? पुढचा भाग घेतला बंद कूपे मोटारीचा. म्हणजे पक्कं छत, काचा, बऱ्यापैकी सीट. मागे जोडला हौदा. पण वेगळं खोकं ठेवल्यासारखा नाही. केबिनच्या बाजूचा पत्रा सरळ मागे नेऊन हौद्याची भिंत केली. पुढून बघितलं तर मोटार, मागून बघितलं तर मालगाडी. 1934 मध्ये ही गाडी बाजारात आली. साधारण 545 किलो माल नेण्याची तिची ताकद होती. नाव होतं 'कूपे युटिलिटी', लोकांनी त्याचं केलं 'यूट'. आजही ऑस्ट्रेलियात पिकअपला यूटच म्हणतात. पुढे ही कल्पना अमेरिकेतही गेली: फोर्डची रँचेरो 1957 मध्ये आली, शेवरलेची एल कॅमिनो 1959 मध्ये.

म्हणजे प्रश्न सुटला? नाही ना! बँड्टच्या गाडीत सीटची एकच रांग होती. नवरा-बायको चर्चला पोचले, पण पोरं कुठे बसणार?

इथून पुढचा सगळा इतिहास म्हणजे केबिन आणि हौदा यांची भाऊबंदकी आहे. जमीन तेवढीच, वाटेकरी दोन. एकाचा बांध सरकला की दुसऱ्याचं वावर कमी होतं.

1957 मध्ये अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टर या कंपनीने ट्रॅव्हलेट नावाचा पिकअप काढला. सीटच्या दोन रांगा, सहा माणसं. गंमत म्हणजे सुरुवातीला त्याला तीनच दारं होती. पुढच्याच वर्षी जर्मनीच्या फोक्सवॅगनने आपल्या व्हॅनवर बेतलेला डबल-कॅब पिकअप आणला. पण या गाड्या घरच्यांसाठी नव्हत्या. रेल्वेचे, विजेचे, रस्त्याचे कामगार टोळीने कामावर न्यायचे, म्हणून मागची सीट. ती सीट कुटुंबाची झाली ती बऱ्याच नंतर.

आणि मध्येच आली कोंबडी! हसू नका, खरं आहे. 1960 च्या दशकात युरोपने अमेरिकन कोंबडीवर जबर कर लावला. अमेरिका चिडली आणि 1964 पासून तिने आयात होणाऱ्या हलक्या ट्रकवर 25 टक्के कर बसवला. कोंबडीचं भांडण मिटलं, कर मात्र अजून आहे. त्यातून फोक्सवॅगनचा पिकअप अमेरिकेत महाग झाला. आणि 1970 च्या दशकाच्या शेवटी सुबारूने काय डोकं लढवलं बघा. ब्रॅट नावाच्या छोट्या पिकअपच्या उघड्या हौद्यात मागे तोंड करून प्लास्टिकच्या दोन सीट बसवल्या. आता ही मालगाडी नाही, प्रवासी गाडी, म्हणून कर वाचला! हौद्यातली ती सीट कुटुंबासाठी नव्हती, कस्टमसाठी होती.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. पिकअपमध्ये 'पाच सीट' असं लिहिलेलं असलं म्हणजे ती गाडी पाच माणसांचा विचार करून बनवली आहे, असं नसतं. सीट का आली, हे विचारायला लागतं.

2001 च्या मॉडेलपासून फोर्डच्या एफ-150 ला चार पूर्ण दारांची सुपरक्रू केबिन मिळाली. हौदा किती उरला? साडेपाच फूट. जुन्या एकेरी केबिनच्या पिकअपला आठ फुटी हौदा सर्रास असायचा. म्हणजे मागची सीट ऐसपैस झाली आणि अडीच फूट वावर गेलं. जो माणूस प्लायवूडच्या आठ फुटी शीट नेतो, त्याला हे अडीच फूट रोज आठवतात. पण जो माल ट्रेलरवर ओढतो, तो म्हणतो, हौदा लहान तर लहान, माझं ओझं मागे हुकाला आहे. म्हणून ओढणाऱ्या धंदेवाल्यांना डबल-कॅब सोयीची वाटली. घर आत, धंदा मागे. दिसायला हिशोब एकदम चोख.

खरी मेख इथेच आहे. केबिन आणि हौद्याची भाऊबंदकी डोळ्यांना दिसते. वजनाची भाऊबंदकी दिसत नाही.

माझा मावसभाऊ मेलबर्नच्या बाहेर राहतो. बागकामाचे ठेके घेतो. ट्रेलरवर छोटं खोदायचं यंत्र असतं, घरी दोन पोरं. गेल्या वर्षी यूट बघत होता तेव्हा फोनवर खुशीत म्हणाला, "अरे, साडेतीन टन ओढते म्हणतायत, आणखी काय पाहिजे?" मी विचारलं, "दादा, किती माणसं बसवून ओढते?" पलीकडे शांतता. मग म्हणाला, "हे कुणी सांगितलंच नाही."

चला, हिशोब मांडू. आकडे समजण्यासाठी घेतलेत, पण आजच्या डबल-कॅब यूटच्या आसपासचेच आहेत. गाडीचं स्वतःचं वजन 2250 किलो. ट्रेलरला ब्रेक असेल तर ओढायची कमाल मर्यादा 3500 किलो. जाहिरातीत हाच आकडा मोठ्या अक्षरात असतो. पण पुस्तिकेत तिसरा एक आकडा असतो: गाडी आणि ट्रेलर मिळून एकूण वजन किती चालेल. त्याला जीसीएम म्हणतात. समजा तो 6000 किलो आहे.

आता 6000 मधून 3500 चा ट्रेलर वजा करा. राहिले 2500. त्यातून गाडीचे 2250 वजा करा. राहिले 250 किलो. एवढ्यात कोण कोण बसवायचं? नवरा 75, बायको 65, पोरं 40 आणि 30. झाले 210. उरले 40 किलो. त्यात ओढायचा हुक, पुढचा लोखंडी गार्ड, हौद्यावरचं झाकण, अवजारं, डबे, पाण्याचे कॅन. संपलं! सासूबाई गाडीत बसल्या की हिशोब मोडला.

अजून एक आहे. ट्रेलरचा साधारण दहावा हिस्सा भार हुकावर येतो. साडेतीन टनाचा ट्रेलर म्हणजे जवळपास 350 किलो गाडीच्या शेपटावर. मागचा भाग दबतो, पुढचा उचलला जातो. पुढच्या चाकांवरचा भार कमी झाला की स्टिअरिंग हलकं लागतं आणि ब्रेकची पकड कमी होते. उतारावर ट्रेलर डोलायला लागला तर तो गाडीला हलवतो, गाडी त्याला नाही. आणि मागच्या सीटवर पोरं असतात.

मग जाहिरातीतला आकडा खोटा असतो का? खोटा नसतो, अर्धा असतो. अमेरिकेत बराच काळ प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने हा आकडा ठरवायची. 2008 मध्ये तिथल्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने जे-2807 नावाची एकच कसोटी आणली. ॲरिझोनात डेव्हिस धरणाजवळ सुमारे 18 किलोमीटरचा चढ आहे. ओझं ओढत, एसी चालू ठेवून तो चढायचा आणि वेग ताशी 64 किलोमीटरच्या खाली येऊ द्यायचा नाही. 2011 च्या टुंड्रासाठी टोयोटाने ही कसोटी आधी स्वीकारली आणि टुंड्राचे जाहीर आकडे खाली आले. बाकीच्या मोठ्या कंपन्या नंतर आल्या. आता या कसोटीत गाडीत किती माणसं धरतात? दोन. प्रत्येकी साधारण 68 किलो. पोरं नाहीत, सामान नाही. म्हणजे चांगल्यात चांगल्या कसोटीतसुद्धा मागची सीट रिकामीच असते.

स्प्रिंगचीही तीच कथा. पिकअपच्या मागे पाटे असतात, ट्रकसारखे. भार असला की छान, रिकामी असली की खड्ड्यात पोरांची डोकी छताला. म्हणून काही कंपन्यांनी मोटारीसारख्या कॉइल स्प्रिंग लावल्या. निस्सानने 2015 च्या नवारा डबल-कॅबमध्ये तसं केलं. घरच्यांना गाडी आवडली, पण भार टाकला की मागून बसते, अशी टीका ऑस्ट्रेलियात झाली आणि कंपनीला पुढच्या काही वर्षांत स्प्रिंग बदलाव्या लागल्या. एका बाजूला दिलं की दुसऱ्या बाजूने मागितलं जातं.

तरीही लोकांनी यूट सोडली नाही, उलट डोक्यावर घेतली. 2016 मध्ये फोर्डने ऑस्ट्रेलियात गाड्या बनवणं बंद केलं. बँड्टच्या यूटची परंपरा कारखान्यात संपली. आणि त्याच वर्षी देशात सगळ्यात जास्त खपलेली गाडी कोणती? टोयोटाची हायलक्स. यूटच! 2023 मध्ये तो मान फोर्ड रेंजरला मिळाला. म्हणजे 'सगळं एकाच गाडीत' ही मागणी आता शेतकरीणबाईंची एकटीची राहिलेली नाही.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे गोष्ट उलटी घडली. पुण्यात टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, 1988 मध्ये टाटामोबाइल हा पिकअप काढला. त्याच बैठकीवर 1991 मध्ये सिएरा आली, आणि 1994 मध्ये सुमो. सुमोचं नाव सुमंत मूळगावकरांच्या नावावरून, हे तुम्हाला माहीत असेलच. तिकडे मोटारीला हौदा लागला, इकडे पिकअपला घर लागलं.

पण आपल्या रस्त्यावर एक तिसरी सोय चालते, आणि ती जीव घेते. लग्नाचं वऱ्हाड, जत्रा, ऊसतोडीची माणसं, सगळे पिकअपच्या उघड्या हौद्यात. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं बसवणं कायद्याला धरून नाही. गाडी उलटली की हौद्यातल्या माणसाला ना पट्टा, ना छत, आणि पुढे विम्याच्या भरपाईचाही घोळ होतो. त्या बाईंनी नव्वद वर्षांपूर्वी मागितलं होतं ते हेच की माल आणि माणूस एका गाडीतून जावेत, पण माणसाला माल समजू नये.

मग निवडायची कशी? क्रम उलटा करा. आधी माणसं मोजा, वजनासकट. मग रोजचं सामान. मग पुस्तिकेतला जीसीएम काढा आणि ट्रेलरसाठी काय उरतं ते बघा. तुमचा भरलेला ट्रेलर काट्यावर नेऊन खरंच तोला, अंदाज नको. वर्षातून दोनदाच साडेतीन टन ओढायचं असेल तर त्या दिवशी घरच्यांना दुसऱ्या गाडीने पाठवा, किंवा मोठी गाडी भाड्याने घ्या. रोजच ओढायचं असेल तर मोठी चेसी घ्या आणि खड्डे सहन करा. आणि बघायला जाताना पोरांना सोबत न्या. मागच्या सीटवर अर्धा तास बसवा. सीटची पाठ किती उभी आहे हे सेल्समन सांगत नाही, पोरं लगेच सांगतात.

दादाने शेवटी ट्रेलर तोलला. यंत्रासकट 2400 किलो भरला. साडेतीन टनाची त्याला गरजच नव्हती! वाचलेल्या वजनात बायको, पोरं आणि डबे आरामात बसले.

तर मंडळी, आज वेळ मिळाला तर घरच्या गाडीचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत वजनाचे आकडे सापडतील. ते वाचा आणि घरातल्या माणसांची बेरीज करून बघा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत पट्टा लावा, मागच्या सीटवरसुद्धा!