टर्म भरताना

मुंबई विश्वविद्यालय 1857 साली स्थापन झाले आणि 1862 साली त्याचे पहिले चार विद्यार्थी बी. ए. झाले, तेव्हापासून महाराष्ट्रातील बेताच्या प्राप्तीच्या घरांत जो एक प्रश्न शिरला तो अद्यापि बाहेर पडलेला नाही. पदवी अर्धी झालेली आहे, हाती जेमतेम नोकरी आहे, दुसरीचे बोलावणे आले आहे. आता टर्म भरावी, की नवी जागा धरावी? या प्रश्नाला थोर माणसांनी दिलेली उत्तरे आपण त्यागाच्या किंवा महत्त्वाकांक्षेच्या कथा म्हणून सांगत आलो. परंतु त्या कथांतील जमाखर्च उघडून पाहिला, म्हणजे टर्मचा खर्च कोणी सोसला यावरच प्रत्येक निर्णय ठरला असे दिसते, आणि ही गोष्ट स्पष्टपणे नोंदली जाणे मला अगत्याचे वाटते.

त्या पहिल्या चौघांतील महादेव गोविंद रानडे यांच्या पाठीशी पेशवाईचा पैसा होता, असे म्हटले तर आश्चर्य वाटेल. पर्वतीजवळच्या रमण्यात श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटली जाई, तिच्यातील काही भाग कंपनी सरकारने पुढे विद्येकडे वळविला आणि त्यातून ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. फेलोने कॉलेजात शिकवावयाचे आणि स्वतःही शिकावयाचे. या वेतनावर रानड्यांनी 1864 साली एम. ए. आणि 1866 साली एलएल. बी. केले, पुढे सरकारी भाषांतरकार, अक्कलकोटचे कारभारी, कोल्हापूरचे न्यायाधीश, एल्फिन्स्टन कॉलेजातील प्राध्यापक अशा जागा पाचसहा वर्षांत बदलल्या, आणि 1871 मध्ये ॲडव्होकेटची परीक्षा देऊनच ते पुण्याच्या न्यायासनावर आले. त्यांना एक जागा सोडताना दुसरीची धास्ती नव्हती.

गोपाळ गणेश आगरकरांची गोष्ट अगदी निराळी. कऱ्हाडजवळच्या टेंभूचा हा मुलगा मामलेदार कचेरीत उमेदवारी करून आणि दवाखान्यात कंपाउंडरचे काम करून वर आलेला. डेक्कन कॉलेजात असताना अंगावर एकच सदरा. तो रात्री धुवावयाचा आणि सकाळी वाळला की घालावयाचा. 1879 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला आणि 2 जानेवारी 1880 रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडले. टिळकांची एलएल. बी. झालेली होती, म्हणून ते आरंभापासून शाळेत आले. आगरकरांचे मन शाळेत आणि एम. ए. अपुरे, त्यांनी आधी परीक्षा उरकली आणि 1881 च्या आरंभी ते शाळेत रुजू झाले. त्या एका वर्षाच्या थांबण्यात मला त्यांच्या स्वभावाची सारी शिस्त दिसते. मात्र एम. ए. झालेल्या मुलाच्या मोठ्या पगाराची वाट पाहणाऱ्या आईला त्यांनी पत्राने कळविले की, पोटापुरत्या पैशावर संतोष मानून आपण सर्व वेळ परहितार्थ खर्च करणार. चरित्रकार ते पत्र गौरवाने सांगतात आणि ते गौरवास पात्रही आहे. पण टेंभूला ते पत्र कोणी वाचून दाखविले असेल आणि ऐकणारीने डोळ्यांना पदर लावला असेल की नाही, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आगरकरांच्या पदवीचा शेवटचा हप्ता त्या माउलीने भरला.

गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बाबतीत हा हिशेब आकड्यांनिशी मांडता येतो. वडील वारले तेव्हा थोरले बंधू गोविंदराव शाळा सोडून कागल संस्थानात दरमहा 15 रुपयांवर नोकरीस लागले आणि त्यांतील 8 रुपये धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. उरलेल्या 7 रुपयांत त्यांचा संसार. 1884 साली बी. ए. झाल्यावर गोखले न्यू इंग्लिश स्कुलात 35 रुपयांवर शिकवू लागले आणि सोबत वकिलीचा अभ्यासही चालू ठेवला, कारण घरचे पांग फिटण्याचा तोच राजमार्ग होता. अशा वेळी ती शाळा चालविणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद व्हावे असा आगरकरांचा आग्रह सुरू झाला. म्हणजे तुटपुंजे वेतन आणि वीस वर्षांचे बंधन. गोखल्यांनी होकार दिला तो बंधूंची अनुमती घेऊन, आणि एलएल. बी. अर्धीच राहिली. ज्याने आठ रुपये दिले त्याच्याच संमतीने ती सोडली गेली, ही त्या निर्णयातील सर्वांत सुंदर बाब होय.

जिथे दक्षिणा नाही आणि कागलचे आठ रुपयेही नाहीत, तिथे काय होते ते भीमराव आंबेडकरांच्या चरित्रात दिसते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची परवानगी तेवढी त्यांनी मिळविली होती. शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोद्यात नोकरी धरली, तर अस्पृश्य म्हणून त्या शहरात राहावयास जागा मिळेना आणि कचेरीतले शिपाईदेखील कागद दुरून टाकीत. नोव्हेंबर 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात 450 रुपयांची प्राध्यापकी मिळाली. परळच्या चाळीत दोन खोल्यांत राहून पत्नी रमाबाई काटकसरीने संसार चालवीत होत्या, शिल्लक पडत होती आणि चार वर्षांची मुदत सरत होती. मार्च 1920 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. साठविलेला पैसा, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचे पाच हजारांचे कर्ज घेऊन ते लंडनला गेले, आणि 1921 साली एम. एस्सी., 1923 साली डी. एस्सी. झाले. अशी नोकरी सोडून परीक्षेकडे पाठ न फिरविणे हे धाडस खरेच; पण त्याचा अर्धा भार परळच्या त्या दोन खोल्यांनी उचलला होता.

त्या राजीनाम्यानंतर सव्वीस वर्षांनी, जून 1946 मध्ये, त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडले आणि नोकरी करणाऱ्यांसाठी तेथे सकाळच्या वर्गांची सोय केली. वर्ग सुटला की विद्यार्थी वह्या काखेत धरून गाडी पकडीत आणि वेळेवर कचेरीच्या हजेरीपटावर सही करीत.