मैदान सोडून जाणारा प्रशिक्षक : रोहा ते जकार्ता

१) २०१९ च्या जानेवारीअखेरीस रोह्यात पुरुषांची ६६ वी वरिष्ठ गट राष्ट्रीय अजिंक्यपद कबड्डी स्पर्धा भरली. अंतिम सामना भारतीय रेल्वे आणि सेनादल यांच्यात झाला व विजेतेपद रेल्वेने मिळवले. राज्याराज्यांचे संघ ज्या स्पर्धेसाठी वर्षभर तयारी करतात, तिच्या अंतिम फेरीत एकही राज्य नव्हते. उरलेले दोन्ही संघ नोकरी देणाऱ्या संस्थांचे होते. हे असे का घडते, आणि गावच्या मैदानावर खेळाडू घडवणारा प्रशिक्षक या व्यवस्थेत कुठे असतो, याचा शोध या थ्रेडमध्ये घेऊ.

२) तुलनेसाठी आधी अमेरिकेकडे पाहू. तेथील महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम संपला की जानेवारी-फेब्रुवारीत सहायक प्रशिक्षकांची व्यावसायिक संघांकडे ये-जा सुरू होते. चाहते हळहळतात, पण महाविद्यालयाचे काम थांबत नाही. सहायक प्रशिक्षक हे तेथे पगारी पद आहे. मोठ्या विद्यापीठांत प्रमुख सहायकांचे वार्षिक वेतन दहा लाख डॉलरच्याही पुढे जाते. माणूस गेला तरी जागा शिल्लक राहते आणि ती भरली जाते.

३) आता पेण-रोह्याकडे येऊ. रायगड जिल्ह्यात कबड्डी महाविद्यालयांपेक्षा गावोगावच्या मंडळांत वाढली. संध्याकाळी मैदानावर पाणी मारायचे, रेषा आखायच्या, पोरांना पकडीत पाय कुठे रोवायचा आणि चढाईत दम कुठे राखायचा हे शिकवायचे, ही कामे बहुधा मंडळाचाच एखादा जुना खेळाडू करतो. पोरे त्याला ‘दादा’ म्हणतात, ‘सर’ म्हणतात. त्याच्या नावापुढे पद नसते, पगारपत्रक नसते. तो उद्या गेला, तर कागदोपत्री काहीच रिकामे होत नाही.

४) वस्तादाला आश्रय देण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूर संस्थानाने मल्लांना आणि वस्तादांना पोसले. १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. खेड्यातल्या तालमीतून दरबारी तालमीत जाणे ही प्रतिष्ठेची वाटचाल होती. कुस्तीला असा राजाश्रय लाभला. हुतुतूचा भार मात्र मुख्यतः लोकांनीच उचलला.

५) हुतुतूला नियमबद्ध केले ते व्यायामसंस्थांनी. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम ठरवून स्पर्धा भरवली. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे या खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले. या संस्थांचा पाया स्वयंसेवेचा आणि राष्ट्रकार्याच्या भावनेचा होता. पुढे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय महासंघाच्या नावातच ‘हौशी’ हा शब्द होता. तो शब्द अभिमानाने लावला गेला. पण शिकवणाऱ्याचा मोबदला ठरवण्याचा प्रश्नही त्याच शब्दाआड झाकला गेला.

६) खेळाडूसाठी मात्र एक पळवाट निघाली : नोकरी. कोकणातली माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली आणि लालबाग-परळ-प्रभादेवीच्या गल्ल्यांतून कबड्डीची मंडळे बहरली. रेल्वे, बँका, तेल कंपन्या आणि मोठे कारखाने यांनी संघ उभारले. चांगल्या चढाईपटूला कारकून किंवा कामगार म्हणून घ्यायचे आणि स्पर्धेच्या वेळी सुट्टी द्यायची, ही ती व्यवस्था. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव विस्कटले, तरी ही वाट बंद झाली नाही. कोकण रेल्वेचा मार्ग ज्या रोह्यापासून सुरू होतो, तेथेच रेल्वेच्या संघाने राष्ट्रीय करंडक उचलावा, हा योगायोग म्हणूनच बोलका आहे.

७) प्रशिक्षकाचे काय? १९६१ मध्ये पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली आणि १९७१ पासून तिच्या पदविका अभ्यासक्रमात कबड्डीचा समावेश झाला. प्रशिक्षण हा व्यवसाय असू शकतो, असे सरकारने मान्य केले ते या टप्प्यावर. पण पदविका मिळाल्यावर नोकरी कुठे? क्रीडा प्राधिकरण, राज्याचे क्रीडा खाते, रेल्वे, सेनादल. गावातले मंडळ या यादीत नव्हते. शिकलेला प्रशिक्षक जिथे पगार तिथे गेला, आणि मंडळ पुन्हा एखाद्या दादाच्या सवडीवर राहिले.

८) २६ जुलै २०१४ रोजी आठ संघांची प्रो कबड्डी लीग सुरू झाली. पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजार रुपयांची होती. २०२३ मध्ये एका खेळाडूसाठी २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली लागली. संघासोबत मुख्य प्रशिक्षक, सहायक प्रशिक्षक, फिजिओ असा ताफा आला. अमेरिकेत दिसते तशी शिडी भारतीय कबड्डीत प्रथमच दिसू लागली. फरक एवढाच की, तिच्या सर्वांत खालच्या पायरीवर अजूनही पगार नाही.

९) या शिडीचा आंतरराष्ट्रीय अध्याय २०१८ मध्ये लिहिला गेला. नाशिकच्या शैलजा जैन यांनी अनेक वर्षे महाराष्ट्रात मुलींना कबड्डी शिकवली होती. भारतीय संघाचे प्रशिक्षकपद त्यांच्या वाट्याला आले नाही, इराणने बोलावले. त्या तेथे गेल्या आणि कामापुरती फारसी शिकल्या. २४ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इराणच्या महिलांनी भारताला २७-२४ असे हरवले. आदल्याच दिवशी इराणच्या पुरुषांनी उपांत्य फेरीत भारताला २७-१८ असे नमवले होते. १९९० पासूनची सलग सात सुवर्णपदकांची भारतीय पुरुषांची मालिका तेथे खंडित झाली.

१०) पुढची घटना तितकीच अर्थपूर्ण आहे. इराणच्या त्याच पुरुष संघाचे प्रशिक्षक गुलामरझा माझंदरानी २०१८ च्या हंगामात यू मुंबाचे प्रशिक्षक होते. नाशिकची विद्या तेहरानला गेली आणि तेहरानची विद्या मुंबईत आली. ज्ञान असेच प्रवास करते. त्याला सीमेवर अडवणे ना शक्य आहे, ना इष्ट.

११) जकार्तानंतर काहींनी ‘आपल्याच माणसाने आपल्याला हरवले’ असा सूर लावला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा सूर मान्य होऊ नये. शाहूंच्या दरबारी गेलेला वस्ताद, रेल्वेत लागलेला चढाईपटू आणि इराणला गेलेल्या शैलजाताई यांनी एकच गोष्ट केली : आपल्या विद्येला जिथे मान आणि दाम मिळाला, तिथे ती नेली. त्यांच्याकडून त्यागाची अपेक्षा करणारा समाज स्वतः काय द्यायला तयार होता, हा खरा प्रश्न आहे.

१२) कोणी म्हणेल, लीगमुळे खेळ वाढलाच ना? वाढला. टीव्हीवर सामने पाहून पोरे मैदानावर आली, मातीच्या जोडीला मॅट आली. पण लीग तयार खेळाडू विकत घेते. दहा वर्षांच्या पोराला पहिली पकड शिकवण्याचे काम ती करत नाही. ते पेण-रोह्याच्या दादांवरच पडते. त्यांच्यातला उत्तम माणूस वरच्या पायरीवर गेला, तर आनंदच आहे. मात्र त्याच्या जागी कोण उभा राहील, हे ठरवणारी यंत्रणा आपण शंभर वर्षांत उभारली नाही.

१३) राजाश्रय, गिरणी, रेल्वे, लीग : आश्रयदाते बदलत गेले. प्रत्येकाने मैदानावरून पिकलेले फळ उचलले. मैदानाला पाणी घालणाऱ्याच्या नावाची नोंद मात्र कुणाच्याच वहीत झाली नाही. तालुक्यागणिक एक पगारी प्रशिक्षकाची जागा, इतकी साधी मागणी यातून निघते. जागा असेल, तर माणूस गेल्याचे दुःख चार दिवसांचे असेल.

१४) तोवर एक काम आपण करू शकतो. आपल्या मंडळात कोणी कोणाला शिकवले, किती वर्षे, कोणत्या मैदानावर, हे ज्येष्ठांना विचारून लिहून काढा. स्पर्धांचे निकाल वर्तमानपत्रांत सापडतात. शिकवणाऱ्यांची परंपरा कुठेच छापलेली नाही. ती सांगणारी पिढी अजून आपल्यात आहे, तोवरच ती लिहिता येईल.

(थ्रेड समाप्त)