लाल मुठीचा चाकू

गावातनं बाहेर पडलेला माणूस सणासुदीला परत येतो तेव्हा रिकाम्या हातानं येत नाही. बायकांना साडीचोळी, पोरांना खाऊ, म्हाताऱ्यांना शाल, हे ठरलेलं असतं. पेच पडतो तो कर्त्या पुरुषांचा. धोतर-टोपी आहेरात होऊन जाते. मग त्या माणसाला आठवतं, की आपला मामा, आपला चुलता सारखा काहीतरी कापत, तासत, आवळत बसलेला असायचा. आणि तो एक चाकू आणतो. एकात सात कामं, एकात अकरा कामं, अलीकडं एकात पंधरा कामं करणारा.

आमच्या माळवदाच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात अशी नऊ हत्यारं निघाली. त्यातलं धड एकही चालत नाही आणि एकही कुणी टाकून दिलेलं नाही. या नऊ हत्यारांवरनं चाळीस वर्षांचा हिशोब लागतो, म्हणून ही हकीकत लिहितोय.

एकात अनेक हत्यारं ही काही विलायतेची अक्कल नव्हे. आमच्या आज्याच्या कमरेला चंची असायची. तिच्यात पान, सुपारी, कात, तंबाखू, चुन्याची डबी आणि अडकित्ता. चंचीच्या दोरीला एक कडी, आणि त्या कडीत कानकोरणं, दातकोरणं आणि काटा काढायचा बारका चिमटा. बाभळीच्या मुलखात चिमट्याशिवाय माणूस शेतात उतरत नव्हता. प्रत्येक वस्तू लहान, पण एकेका कामाला पुरी उतरणारी. जाड कामाला गावचा लोहार होताच. विळा, खुरपं, कुऱ्हाड, नांगराचा फाळ त्याच्याकडं. सुगी झाली की त्याला बलुतं जायचं.

इंग्रजी अमदानीत शहरातनं बाहेरचे चाकू यायला लागले. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचा माल तेव्हा हिंदुस्थानात नावाजलेला. याच कंपनीनं १८२२ साली, सालाच्या आकड्याइतकी म्हणजे १८२२ पाती असलेला एक चाकू नुसता दाखवायला करून ठेवला होता. नाव झालं की नक्कल येतेच. जर्मनीतल्या झोलिंगनचे काही कारखानदार आपल्या स्वस्त मालावर शेफील्डचं नाव उमटवून विकायला लागले. शेफील्डकरांनी बोंब मारली, तेव्हा १८८७ साली ब्रिटिश पार्लमेंटनं कायदा केला, की परदेशी मालावर तो कुठं झाला ते लिहिलंच पाहिजे. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द त्यातनं आले. पुढं गंमत अशी झाली, की जर्मन कारखानदारांनी माल इतका सुधारला की तोच शिक्का मानाचा ठरला. हिंदुस्थानातही तसाच कायदा १८८९ साली झाला.

आमच्या पेटीतल्या चाकूंचा मूळपुरुष मात्र स्वित्झर्लंडचा. इबाख गावच्या कार्ल एल्सनर या कारागिरानं १८८४ साली कारखाना घातला. स्विस फौजेला असा चाकू हवा होता, की शिपायानं त्यानं डबाही उघडावा आणि नव्या बंदुकीचे स्क्रूही काढावेत. पहिला माल झोलिंगनहून आणावा लागला, कारण एवढे चाकू करायची ताकद स्वित्झर्लंडात कुणाचीच नव्हती. १८९१ साली एल्सनरनं आपला माल दिला. जर्मन माल स्वस्त पडायचा, त्यामुळं त्याचं दिवाळं निघायची वेळ आली होती. १८९७ साली त्यानं अधिकाऱ्यांसाठी हलका, जास्त पात्यांचा चाकू नोंदवला आणि त्याच्यावर तो तरला. आईचं नाव व्हिक्टोरिया. न गंजणाऱ्या पोलादाला तिकडं इनॉक्स म्हणतात. ही दोन नावं जोडून १९२१ साली व्हिक्टोरिनॉक्स झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन शिपायांनी हे चाकू घरोघर नेले आणि लाल मूठ, पांढरी फुली जगाला माहीत झाली.

आमच्या घरात ती फुली आली १९८४ साली, दुबईवरनं.

तो काळ तरुण वाचकांना सांगावा लागेल. परदेशी माल देशात सहजासहजी येत नव्हता. फॉरेनचं म्हटलं की माणूस वस्तू हातात घ्यायच्या आधी हात पुसायचा. मुंबईकडनं येणाऱ्या मालावर ‘मेड इन यूएसए’ असायचं आणि जाणते हसून सांगायचे, की हे यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आलेल्या निर्वासितांनी शून्यातनं ते गाव उभं केलं. १९४९ साली त्याला उल्हासनगर नाव मिळालं. पोट भरायला त्यांनी जे दिसेल ते करून विकलं. त्या थट्टेत हिणवणं होतं आणि थोडं कौतुकही होतं.

माझा आत्तेभाऊ दुबईत एका कँटीनमध्ये कामाला होता. दोन वर्षांनी पहिल्यांदा आला तो थेट आमच्याकडं, कारण तो वाढला आमच्या घरात. तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, त्याला शिकवलेलं. त्यानं बॅगेतनं लाल मुठीचा चाकू काढला. आत्या म्हणाली, “धारंची वस्तू हातात देऊ नगंस, भुईवर ठेव.” त्यानं तो जोत्यावर ठेवला. तात्यांनी उचलला.

“ही फुली कसली रं? दवाखान्याची?”

“न्हाई मामा, स्वित्झर्लंडची हाय. तिथल्या मिलिट्रीचा चाकू.”

एकेक पातं उघडून बघणं झालं. मोठं पातं, लहान पातं, कात्री, करवत. बाटलीचं बूच काढायचा मळसूत्री तार. आमचं घर माळकरी, त्यामुळं ते मळसूत्र पोत्याची दोरी ओढायला नेमून दिलं. एक पातं माशाचे खवले खरवडायचं निघालं, तेव्हा आई आत निघून गेली. तात्यांनी चाकू करगोट्याला बांधला. पुढं वर्षभर कुणी भेटला की सदरा वर करून दाखवायचे, “भाच्यानं आणलाय, दुबईवरनं.”

त्या चाकूवर स्वित्झर्लंडचं नाव नव्हतं. फुली होती, तिच्याभोवतीची ढाल नव्हती. पण हे बघणारं गावात कोण होतं? आणि तो आणणाराही फसलेलाच होता. महिन्याच्या पगारातनं उरवलेल्या पैशांत त्यानं तो बाजारातनं घेतला होता.

दुसऱ्या वर्षी पौषातल्या एका रात्री आमच्या खिलार बैलाचा पाय गव्हाणीत घसरला. दावं गळ्याला आवळलं, बैल घुसमटायला लागला. तात्या धावले आणि कमरेचा चाकू उघडून दाव्याला लावला. दावं भिजलेलं, घट्ट पिळाचं. जोर लावला तसं पातं उलटं मिटलं, थेट बोटांवर. आईनं मेढीला खोचलेला विळा ओढला आणि दोन हिसक्यांत दावं तोडलं. बैल वाचला. तात्यांच्या दोन बोटांना हाडापर्यंत लागलं होतं. सोलापूरला नेऊन टाके घातले, पण उजव्या हाताचं पहिलं बोट कायमचं ताठ राहिलं. म्हशीची धार काढायची ती पुन्हा त्यांना नीट जमली नाही.

पुढच्या सुट्टीला आत्तेभाऊ आला. बोट बघून म्हणाला, “मामा, काय झालं हे?”

“विळा लागला,” तात्या म्हणाले.

तिथं आमचे लोहारमामा बसलेले. विळा त्यांच्या हातचा, मोटारीच्या कमानपाट्याच्या तुकड्यातनं घडवलेला. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तात्या खुरपी शेवटायला घेऊन गेले तेव्हा भाता ओढता ओढता म्हणाले, “तात्या, बैल वाचवला माझ्या विळ्यानं, आन् आळ बी त्याच्यावरच घातलासा व्हय?”

तात्या म्हणाले, “तुझा विळा सोसंल गड्या. पोराचं मन सोसायचं न्हाई.”

लोहारमामांनी खुरपं पाण्यात बुडवलं. चर्र आवाज झाला. “मग आवंदा पायलीभर जवारी जादा घाला,” म्हणाले. तात्यांनी घातली. आत्तेभावाला खरं काय ते शेवटपर्यंत कळलं नाही.

लोहारमामांनीच पुढं मला तो चाकू उलगडून दाखवला. अशा चाकूला कुलूप नसतं, खऱ्याच्या लहान जातीतही नसतं. पाठीत पोलादी पट्टीची स्प्रिंग असते, तिच्या दाबावर पातं उभं राहतं. स्प्रिंग चिवट पोलादाची असली तर पातं हलत नाही. इथं मऊ पत्रा होता, म्हणून खिळ्यांत ढिलाई आलेली. पात्याला पाणीच दिलेलं नव्हतं. पातं लाल करून पाण्यात विझवलं की कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. मग ते पुन्हा हलकं तापवायचं. पात्यावर आधी वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढतो, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. कुठल्या हत्याराला कुठल्या रंगावर थांबायचं, यात लोहाराचा जन्म जातो. “ह्याच्यात अकरा कामं हायती,” ते म्हणाले, “पर एकाला बी इस्तू दावलेला न्हाई.”

पेटीतली बाकीची हत्यारं त्यानंतरची. १ एप्रिल २००१ ला सरकारनं परदेशी मालावरची उरलेली संख्येची बंधनं उठवली. सिद्धेश्वराच्या गड्ड्यात, होम मैदानावर, पाळण्यांच्या शेजारी चिनी मालाचे ढीग लागले. चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात यांगजियांग नावाचं शहर आहे, चाकू-कात्र्यांचंच. तिथं उत्तम मालही होतो आणि किलोवर विकायचाही होतो. आपल्याकडं जास्त आला तो दुसरा. आता चाकूच्या जोडीला घडीची पकड आली. अमेरिकेच्या टिम लेदरमननं १९७५ साली जुन्या फियाटमधनं युरोप फिरताना सतत मोडणाऱ्या गाडीला वैतागून चाकूत पकड घालायचं मनावर घेतलं. ती विकायला यायला १९८३ साल उजाडलं. आमच्या पेटीतली तिची नक्कल जस्ताच्या ओतीव धातूची आहे. मोटारीचा नट सोडवताना पहिल्याच दाबात तिचा जबडा तुटला. ती एका पुतणीनं पहिल्या पगारातनं आणली होती. दुसरी दोन दुकानदारांनी दिवाळीची भेट म्हणून दिलेली, एक निवृत्तीच्या समारंभात मिळालेली.

सोलापूरकरांना ही गोष्ट दोन्ही अंगांनी ठाऊक असायला हवी. आपली चादर महाराष्ट्रभर आहेरात जाते. दुसरीकडं विणलेली पातळ चादर सोलापुरी म्हणून खपते, आणि देणारा बिचारा नावावर विश्वासून देतो. दुसऱ्या धुण्याला रंग गेला की नाव जातं ते सोलापूरचं, इथल्या मागावर राबणाऱ्याचं. भौगोलिक मानांकनाचा कायदा २००३ साली अमलात आला तेव्हा सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल सुरुवातीच्याच नोंदींमध्ये होते. पण मानांकनाचा कागद लग्नाच्या मांडवात कोण बघतो?

नऊ हत्यारं ओळीनं मांडली तेव्हा माझ्या एक ध्यानात आलं. ती आणणाऱ्यांपैकी एकाच्याही रोजच्या कामात हत्यार राहिलेलं नव्हतं. कँटीन, ऑफिस, दुकान. ज्याच्या हाताला धारेची सवय आहे तो वस्तू उचलतो, वजन घेतो, अंगठा लावतो. ज्याची सवय सुटली तो कामं मोजतो, आणि ती खोक्यावर छापलेलीच असतात. गाव सोडलेल्या माणसाला मागं राहिलेल्याच्या हाताची आठवण असते, त्या हाताच्या कामाची माहिती नसते. नक्कल करणारा नेमका या फटीत धंदा करतो. त्यात प्रेम खोटं नसतं, म्हणूनच घेणाऱ्याला बोलता येत नाही. तात्यांनी ते एका बोटावर निभावलं. सगळ्यांचं बोटावर निभावत नाही.

म्हणून आता घरातली पोरं शहरातनं विचारतात, “काका, काय आणू?” तेव्हा मी आडपडदा ठेवत नाही. पैसे पाठवा म्हणतो, हत्यार इथं करून घेऊ. आमच्या लोहारमामांची भट्टी विझली, त्यांची पोरं वेल्डिंगच्या दुकानात आहेत. पण उन्हाळ्यात घिसाड्यांची बिऱ्हाडं गावाबाहेर उतरतात. बाई घण मारते, बाप्या सांडशीत लोखंड फिरवतो. मागच्या चैत्रात पुतणीनं पाठवलेल्या पैशांत तीन विळे आणि एक कुऱ्हाड घडवली. विळ्याचा फोटो काढून तिला पाठवला. तिनं विचारलं, “ह्याच्यावर कुणाचं नाव आहे?” नाव काहीच नव्हतं. ज्यानं घडवला तो समोर बसून चहा पीत होता.