फुलांच्या पत्त्यांचे घराणे

आमच्या घरी पत्ते खेळणे म्हणजे पाप. दिवाळीपुरती काय ती सूट मिळे. भाऊबीज झाली की आई पत्त्यांचा कॅट ट्रंकेत घालून कुलूप लावी. त्यामुळे एका पत्तेवाल्याच्या दुकानातून जगभर नाव झालेली कंपनी उभी राहिली, हे प्रथम वाचले तेव्हा मला आई आठवली.

जपानला पत्ते पोचवले ते सोळाव्या शतकात, गोव्यास ज्यांचे ठाणे होते त्या पोर्तुगीजांनी. पत्त्यांना जपानीत ‘कारुता’ म्हणतात, तो शब्दही त्यांचाच. जुगार माजला म्हणून राज्यकर्त्यांनी पुनःपुन्हा बंदी घातली. पण खेळणारे वस्ताद! एका पत्त्यावर बंदी आली की दुसरा निघे. त्यांतलाच ‘हानाफुदा’ हा फुलांचा पत्ता. त्यावर आकडा नाही. बारा महिन्यांची बारा झाडे-फुले, प्रत्येकाची चार पाने; एकूण ४८. पुढे बंदी सैल झाली आणि १८८९ साली क्योतो शहरात फुसाजिरो यामाउची याने हे पत्ते करण्याचे दुकान थाटले. तेच निन्तेन्दो.

१९४९ साली त्याचा पणतू हिरोशी ऐन विशीत गादीवर आला. पुढे पत्त्यांचा खप आटला. टॅक्सी झाल्या, झटपट भात झाला. एकही धंदा टिकला नाही.

१९६५ साली गुनपेई योकोई हा तरुण यंत्रांच्या देखभालीला लागला. काम थोडे, वेळ फार! रिकामपणी त्याने पट्ट्या जोडून, दाबला की लांब होऊन वस्तू पकडणारा एक हात केला. मालकाने ते पाहिले. पण रागावण्याऐवजी, ‘हे विकण्याजोगे कर’ असे त्याने फर्मावले. १९६६ साली बाजारात आलेले हे हात दहा लाखांवर खपले.

जुने, स्वस्त झालेले तंत्र नव्या कामी लावावे, हे योकोईचे सूत्र. गणकयंत्राच्या साध्या पडद्यावर त्याने १९८० साली खिशातला खेळ काढला. १९८९ चा ‘गेम बॉय’ही तसाच. प्रतिस्पर्ध्यांचे पडदे रंगीत, याचा हिरवट. पण किंमत कमी आणि बॅटरी टिकाऊ. जिंकला तोच. १९९५ साली मात्र त्याचा ‘व्हर्च्युअल बॉय’ आपटला. १९९६ साली त्याने कंपनी सोडली आणि पुढच्याच वर्षी रस्त्यावरील अपघातात तो गेला.

मला राहून राहून वाटते, त्या दिवशी मालक नुसताच खेकसला असता तर? कंपनी फुलांचे पत्ते अजूनही काढते. आणि यंदा भाऊबीजेनंतर ट्रंकेला कुलूप घालायचे नाही, असे मी ठरवले आहे.