जबल शम्सचे जुनिपर वन

जबल शम्सचे जुनिपर वन : ओमानच्या उत्तरेकडील हजर पर्वतरांगेत सुमारे २,१०० मीटर उंचीपासून माथ्यापर्यंत पसरलेले सूचिपर्णी वृक्षांचे विरळ, प्राचीन वन. जबल शम्स हा ओमानमधील सर्वांत उंच डोंगर. ‘डब्ल्यू ४’ ही रंगखुणांची पायवाट या वनातून त्याच्या दक्षिण शिखरावर (सुमारे २,९९७ मी.) जाते. उत्तर शिखर लष्करी हद्दीत असल्याने तेथे प्रवेश नाही. पूर्वेकडील जबल अख्दरवर, सैक पठाराच्या वरच्या डोंगरांतही हेच वन आढळते.

येथील वृक्षाचे शास्त्रीय नाव जुनिपेरस सेराव्शानिका. पूर्वी त्याला जुनिपेरस एक्सेल्सा या जातीची उपजाती मानत. जनुकीय तपासणीनंतर तो मध्य आशियातील जातीत गणला जाऊ लागला. ताजिकिस्तान-उझबेकिस्तानचे डोंगर, इराण, अफगाणिस्तान आणि बलुचिस्तानातील झियारतचे वन हा त्याचा मुख्य प्रदेश. ओमान हे त्याचे दक्षिणेकडचे टोक, आणि मधे ओमानचे आखात आहे. येमेन व सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य डोंगरांतला जुनिपर वेगळ्या, आफ्रिकी जातीचा आहे. हवामान आजच्यापेक्षा थंड होते त्या काळात ही झाडे अधिक खालपर्यंत पसरलेली असावीत. पुढे उष्मा वाढला तशी ती डोंगरमाथ्यांवर उरली, असे मानले जाते. स्थानिक अरबीत या झाडाला ‘अलअलान’ म्हणतात. आयुर्वेदातील हपुषा ही याच कुळातली, पण वेगळ्या जातीची वनस्पती आहे.

सह्याद्रीतल्या राईची सवय असलेल्याला हे वन पहिल्या नजरेला वन वाटणारच नाही. झाडाला झाड लागून नसते. मधे उघडा दगड, गवतही तुरळक. पाणी थोडे असल्याने प्रत्येक झाडाच्या मुळांना दूरवर पसरावे लागते, हे या विरळपणाचे एक कारण. सैक येथे वर्षाला सरासरी साधारण ३०० मिमी पाऊस पडतो. तोही हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या ढगांचा आणि उन्हाळ्यातल्या वळवासारख्या गडगडाटी सरींचा मिळून, आणि दरवर्षी सारखा नाही. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर एवढा पाऊस जुलैतल्या एखाद्या आठवड्यात पडून जातो. त्यात येथला खडक चुनखडीचा. टेथिस समुद्राच्या उथळ तळाशी साचलेल्या गाळाचा हा दगड भेगाळलेला आहे. पडलेले पाणी त्यातून खाली झिरपते आणि डोंगराच्या पायथ्याच्या गावांना झऱ्यांच्या रूपाने मिळते. माथ्यावरच्या झाडाला मात्र भेगांत अडकलेल्या मूठभर मातीवर आणि ओलीवर राहावे लागते.

या झाडाचे जगणे अतिशय संथ आहे. नर व मादी झाडे वेगळी असतात. मादी झाडाला निळसर काळी, बोराएवढीही नसलेली फळे धरतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती फळे नसून मांसल शंकू होत. कोवळ्या रोपाची पाने सुईसारखी टोचणारी, तर मोठ्या झाडाची पाने खवल्यांसारखी फांदीला चिकटलेली असतात. जुन्या झाडांचे एक वैशिष्ट्य पाहण्याजोगे आहे : खोडाची एक बाजू मरून पांढरी, गुळगुळीत पडते, साल गळते, आणि दुसऱ्या बाजूच्या सालीच्या अरुंद पट्ट्यावर वरची हिरवी फांदी जिवंत राहते. असे अर्धे मेलेले झाड पुढे दीर्घ काळ जगते. वयाचा अंदाज करणे अवघड, कारण गाभा बऱ्याचदा कुजलेला असतो आणि कोरड्या वर्षी वाढीचे कडे उमटतेच असे नाही. तरी मोठी झाडे शेकडो वर्षांची आहेत याबद्दल शंका नाही. हजारांचे आकडे मात्र जपून स्वीकारावेत.

पायवाट. अल हमरा गावाकडून वादी घूल या दरीमार्गे मोटाररस्ता सुमारे २,००० मीटरवरच्या पठारापर्यंत जातो. वरचा भाग खड्या चढाचा असल्याने फोर-व्हील-ड्राइव्ह वाहन सोयीचे ठरते. डब्ल्यू ४ची सुरुवात या पठारावरून होते. दगडांवर पिवळ्या-पांढऱ्या-लाल पट्ट्यांच्या खुणा आहेत. एकूण चढ सुमारे १,००० मीटर, जाऊन-येऊन पूर्ण दिवसाचे काम. दोर लागत नाही, कुठे प्रस्तरारोहणही नाही. अंतर, उंची आणि पाण्याचा पूर्ण अभाव यांमुळेच ती दमवते. म्हणून तिला मध्यम श्रेणीची वाट म्हणता येईल, मात्र ज्याला दिवसभर चढण्या-उतरण्याचा सराव आहे त्याच्यासाठी. बराच वेळ वाट वादी नख्रच्या कड्याजवळून चढते. ही घळ सुमारे एक किलोमीटर खोल आहे आणि कड्याला कठडा नाही. धुके आले की खुणांपासून दूर जाऊ नये.

या वाटेचे खरे मोल शिखरात नाही. तिच्यावर तळापासून माथ्यापर्यंत वनाची प्रकृती क्रमाने वाचता येते, आणि ओमानमध्ये इतक्या सरळपणे ती दुसरीकडे क्वचितच दिसत असेल. सुरुवातीला रानटी ऑलिव्ह (‘इतम’) आणि झुडपे जास्त. जुनिपर आहेत, पण कित्येकांचे शेंडे वाळलेले, काही नुसते पांढरे सांगाडे. खालच्या पट्ट्यात लहान रोपटे शोधूनही सहज सापडत नाही. जसजसे वर जावे तसतसा झाडांचा मुकुट भरत जातो. साधारण २,४०० मीटरच्या पुढे, विशेषतः उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर आणि सावलीच्या घळींत, झाडे हिरवीगार आहेत आणि मोठ्या झाडांच्या छायेत तरुण रोपेही दिसतात. त्यांच्या सोबतीला कोटोनिॲस्टर आणि डॅफ्नी यांची झुडपे येतात. हा क्रम डोळ्यांना एकदा कळला की चालणाऱ्याचे लक्ष त्यावरून हटत नाही.

१९९०च्या दशकात फिशर व गार्डनर या संशोधकांनी जबल अख्दर परिसरात या वनाची पाहणी करून हाच उंचीनुसार होणारा फरक नोंदवला. वनाच्या ऱ्हासामागे रस्तेबांधणी, लाकूडतोड, बकऱ्या व मोकाट गाढवांची चराई ही कारणे ठिकठिकाणी खरी आहेत. डोंगरातले शवावी मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या येथे बकऱ्या राखत आले आहेत. परंतु चराई सगळीकडे आहे, तर झाडे प्रामुख्याने खालच्या पट्ट्यात वाळतात. दोष सगळा बकऱ्यांवर टाकणे त्यामुळे टिकत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथरीन मॅक्लॅरेन यांच्या अभ्यासाने हवामानबदलाकडे बोट दाखवले : तापमान वाढते आहे आणि खालच्या उंचीवर झाडाला ते सोसत नाही. इतर पर्वतांत अशा वेळी वन हळूहळू वर सरकते. येथे वर सरकायला जागा फार थोडी आहे, कारण डोंगर ३,००० मीटरच्या आसपास संपतो आणि त्याहून उंच असे या देशात काही नाही. या वनाविषयीची सगळी काळजी या एका गोष्टीत आहे.

संरक्षण. जबल अख्दरचा प्रदेश २०११ मध्ये निसर्गदृश्यांसाठी राखीव घोषित झाला. नव्या लागवडीसाठी रोपवाटिकेत जुनिपर वाढवणे मात्र कष्टाचे आहे. बियांत पोकळ बियांचे प्रमाण बरेच असते, चांगले बीही लवकर रुजत नाही आणि रुजलेले रोप पहिल्या कोरड्या उन्हाळ्यात टिकवावे लागते. म्हणून उभे झाड वाचवणे हा आजतरी सर्वांत खात्रीचा उपाय होय. वाळलेले लाकूडही वनाचाच भाग आहे. त्याच्या आडोशाला माती धरते आणि रोपाला सावली मिळते. मुक्कामी येणाऱ्यांनी शेकोटीसाठी जुनिपरचे लाकूड जाळणे, मग ते पडलेले का असेना, हे येथले सर्वांत सहज टाळता येण्याजोगे नुकसान आहे.

पदभ्रमणाचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो आणि एखाद्या वर्षी माथ्यावर बर्फही पडते. वाटेवर पाणी नसल्याने माणशी किमान चार लिटर पाणी खालूनच न्यावे लागते. मस्कतहून रस्ता साधारण चार तासांचा असल्याने तेथे नोकरी-व्यवसायानिमित्त राहणाऱ्या मराठी डोंगरभटक्यांना शेवटच्या वस्तीत मुक्काम करून पहाटे चढाई सुरू करता येते. ज्यांना एवढा चढ नको त्यांनी त्याच पठारावरून निघणारी ‘डब्ल्यू ६’ वाट घ्यावी. ती कड्याच्या कडेने फारशी चढ-उतार न करता साब बनी खमीस या ओसाड गावापर्यंत जाते. तिच्यावर काही जुनिपर व इतम दिसतात, पण तरुण झाडांचा वरचा पट्टा पाहायचा तर डब्ल्यू ४नेच जावे लागते.